‘प्रोफाइल लॉक का नव्हती?’ हे विचारायचं कुणाला

एखाद्या बाईचा फोटो तिच्या फेसबुक प्रोफाइलवरून उचलून त्यावर घाणेरडं एडिटिंग करून फिरवला जातो, किंवा कुणाच्या तरी नावानं डुप्लिकेट अकाउंट उघडून त्याच्या ओळखीच्या सगळ्यांकडे पैसे मागितले जातात, आणि बातमीखाली पहिली कमेंट ठरलेली असते: प्रोफाइल लॉक का नव्हती? त्याच्याखाली लगेच दुसरा शहाणा उगवतो, तो म्हणतो अहो लॉक करून काय होणारे, झुकरबर्गकडे तुमची सगळी कुंडली आहेच, प्रायव्हसी वगैरे केव्हाच संपली. मग दोघांची जुंपते. एकाला वाटतं समोरचा बेजबाबदार आहे, दुसऱ्याला वाटतं समोरचा भाबडा आहे, शंभर-दीडशे कमेंट्स होतात, आणि ज्यानं फोटो उचलला तो आणि ज्या कंपनीनं तो उचलता येईल असा मांडून ठेवला ती, हे दोघंही त्या भांडणात कुठंच नसतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सेटिंग्ज बदलाव्यात, जरूर बदलाव्यात, त्यांचा उपयोग होतो आणि चांगला होतो. पण "ज्यानं त्यानं आपापलं बघावं" ही जी मांडणी आहे ती मुळातच चूक आहे. एक तर कुणी सेटिंग काय केली यापेक्षा पहिल्या दिवशी कंपनीनं ती काय करून दिली होती यावरच बहुतेकांचं सगळं ठरतं, आणि दुसरं म्हणजे तुमची सेटिंग फक्त तुमची नसतेच, तुमच्या फ्रेंडलिस्टमधल्या प्रत्येकाचं काही ना काही तिच्यात अडकलेलं असतं. हे दोन मुद्दे पटले तर मग तो कमेंटमधला प्रश्न ज्या बाईला विचारला जातोय तिला विचारायचाच नाही, हे आपोआप कळतं.

आधी "सगळं संपलंय" वाल्यांचं बघू, ते लवकर आटपतं. त्यांचं निम्मं म्हणणं खरं आहे. तुम्ही "ओन्ली मी" करून टाकलेली पोस्टसुद्धा कंपनीच्याच सर्व्हरवर पडलेली असते. सुरक्षेच्या नावाखाली घेतलेली माहितीही कुठल्या कुठं जाते, ट्विटरनं अकाउंट सुरक्षित राहावं म्हणून लोकांकडून फोन नंबर आणि ईमेल घेतले आणि तेच जाहिराती नेमक्या माणसाला दाखवायला वापरले, त्याबद्दल मे २०२२ मध्ये अमेरिकेत १५ कोटी डॉलरचा दंड भरला. ज्यांनी आपली सगळी सेटिंग कडक करून ठेवली होती त्यांनाही यातलं काही कळलेलं नव्हतं. इथपर्यंत कबूल.

पण लपवायचं असतं कुणापासून? रोजच्या जगण्यात त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा कंपनीत बसलेला नसतो, तो ओळखीतलाच असतो. सोडून दिलेला नवरा, तुम्ही रजेवर असताना स्टोरी बघणारा बॉस, नकार पचवता न आलेला कुणीतरी, किंवा नुसतंच "बाहेर कुणाबरोबर गेली होती" हे शोधणारं एखादं नातेवाईक मंडळ. तुम्ही रात्री दोन वाजता ऑनलाइन होता यावरून मेटाचा, म्हणजे फेसबुक-व्हॉट्सअॅपच्या मालक कंपनीचा, सर्व्हर तुम्हाला सकाळी फोन करून जाब विचारत नाही, जो विचारतो तो तुमचं लास्ट सीन बघत जागा असतो. आणि त्याच्यापुरती सेटिंग शंभर टक्के चालते. व्हॉट्सअॅपवर लास्ट सीनला "माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट" असा पर्याय आहे, म्हणजे यादीतल्या नेमक्या दोन-चार लोकांनाच वगळता येतं, त्यांना कळतही नाही. बदल्यात त्या लोकांचं लास्ट सीन तुम्हाला दिसत नाही, एवढाच सौदा. त्यातही बरीच वर्षं एक भोक होतं, लास्ट सीन लपवलं तरी "ऑनलाइन" हा शब्द नावाखाली उमटायचाच, पाळत ठेवणाऱ्याला तेवढं पुरायचं. ते झाकायची सोय २०२२ साली आली. ज्या बाईनं त्या एका शब्दापायी मार खाल्लाय तिला जाऊन सांगा की प्रायव्हसी मेलीये, सेटिंगला अर्थ नाही. मला तर हे "सगळं गेलंच आहे" म्हणणं नेहमी ज्यांना कुणाचीच भीती नाही अशा लोकांच्या तोंडी ऐकू येतं, आणि कंपन्यांना याहून सोयीचं मत दुसरं नसेल.

आता दुसरा गट, जबाबदारीवाला. याच्याशी वाद घालायला जास्त वेळ लागतो कारण त्यांचे मुद्दे खरोखर दमदार आहेत. पहिला मुद्दा, पर्याय दिलेले आहेत ना? फेसबुकवर प्रायव्हसी चेकअप आहे, एकेक पायरी दाखवत नेतं, "व्ह्यू अॅज" आहे, म्हणजे परक्या माणसाला तुमची प्रोफाइल कशी दिसते ते स्वतः बघता येतं, "लिमिट पास्ट पोस्ट्स" आहे, एका क्लिकवर जुन्या सगळ्या पब्लिक पोस्ट फक्त फ्रेंड्सपुरत्या होतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि तेवढा वेळ माणूस रील्स बघण्यात रोज घालवतोच. दुसरा मुद्दा, सज्ञान माणसाला सज्ञान म्हणून वागवा, त्यानं स्वतः टाकलेल्या फोटोबद्दल प्रत्येक वेळी कंपनीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं म्हणजे त्याला कुक्कुलं बाळ समजणं. तिसरा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो: उघडं असणं ही काही फक्त कंपनीची चाल नाही, लोकांना ते हवंही असतं. वीस वर्षांपूर्वीचा वर्गमित्र सापडतो तो प्रोफाइल उघडी असते म्हणून, घरून वस्तू विकणारीला गिऱ्हाईक मिळतं ते पोस्ट पब्लिक असते म्हणून, आणि जिथं वर्तमानपत्रं गप्प बसवलेली असतात तिथं एखादा व्हिडिओ जगभर जातो तोही म्हणूनच. सगळंच कुलूपबंद झालं तर सोशल मीडियातलं सोशल कुठं राहिलं?

हे तिन्ही मुद्दे मी मानतो. तरीही त्यातून "मग तिचीच चूक" हा निष्कर्ष निघत नाही, आणि इथंच घोडं पेंड खातं.

पर्याय दिले म्हणजे काम झालं का ते बघू. २०१० च्या मे महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सनं फेसबुकच्या प्रायव्हसीचा हिशोब मांडला होता. ५० वेगवेगळ्या सेटिंग्ज, त्यात मिळून १७० च्या वर पर्याय, आणि धोरणाचा मजकूर ५,८३० शब्दांचा, म्हणजे घटनादुरुस्त्या सोडल्या तर अमेरिकेच्या राज्यघटनेपेक्षा लांब. एका देशाचा कारभार कसा चालावा हे त्याहून कमी शब्दांत सांगून झालं होतं! त्याच्या दोनच वर्षं आधी, २००८ साली, कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोघी संशोधकांनी हिशोब केला होता की माणसानं वर्षभरात ज्या ज्या साइटवर जातो तिची प्रायव्हसी पॉलिसी खरंच वाचायची ठरवली तर वर्षाला सुमारे २४४ तास लागतील. तेव्हा तर स्मार्टफोन नुकता कुठं आला होता. बरं, समजा वाचलं आणि बसून सगळं सेट केलं, तरी ते मनासारखं होतं का? कोलंबिया विद्यापीठात ६५ जणांना आधी विचारलं की तुमचं काय कुणाला दिसावं असं तुम्हाला वाटतं, आणि मग त्यांच्या फेसबुकच्या सेटिंग्ज उघडून ताडून पाहिलं. ६५ च्या ६५ जणांची किमान एक तरी गोष्ट त्यांच्या मनाविरुद्ध उघडी किंवा बंद निघाली. एकही सुटला नाही. जिथं प्रत्येकच माणूस नापास होतो तिथं माणसं आळशी आहेत म्हणायचं की पेपर काढणाऱ्याला धरायचं?

तरी हे साधे लोक झाले. ज्यांचं कामच लपून राहणं आहे त्यांचं बघा. स्ट्राव्हा नावाचं धावण्या-सायकलिंगचं अॅप आहे, त्यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरातले लोक कुठं कुठं धावतात त्याचा चमचमता नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की वाळवंटात, जिथं आसपास काहीच नाही, तिथं मधेच उजळलेले चौकोन आणि गोल दिसताहेत. ते लष्करी तळ होते, आणि त्या रेषा म्हणजे तिथल्या सैनिकांचं रोजचं जॉगिंग. त्या नकाशातून आपला डेटा बाहेर काढायची सेटिंग होती की, ती बहुतेकांनी हात न लावता तशीच ठेवली होती इतकंच. २०२१ मध्ये तर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बायडन यांचं व्हेन्मो हे पैसे पाठवायच्या अॅपवरचं अकाउंट पत्रकारांनी काही मिनिटांत शोधून काढलं, कारण त्या अॅपवर फ्रेंडलिस्ट सगळ्यांना दिसायची आणि ती लपवायची सोयच नव्हती, ती या प्रकरणानंतर आली. आता ज्याच्या दिमतीला अख्खी सीक्रेट सर्व्हिस आहे त्याला जे जमलं नाही ते ज्युनियर कॉलेजच्या मुलीला जमायला हवं होतं आणि नाही जमलं तर तिनंच ऐकून घ्यायचं, असं आपण म्हणतोय.

मुद्दा डिफॉल्टचा आहे. माणूस मूळ सेटिंग बदलत नाही, आणि हे फक्त सोशल मीडियापुरतं खरं नाही. मरणोत्तर अवयवदानाच्या संमतीवर २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात जर्मनीत संमती देणारे १२ टक्के होते आणि शेजारच्या ऑस्ट्रियात ९९.९८ टक्के. भाषा एक, शेजार एक, मग एवढा फरक का? तर जर्मनीत "हो" म्हणायला नाव नोंदवावं लागायचं आणि ऑस्ट्रियात "नाही" म्हणायला. बस. कुणी म्हणेल कागदावरची संमती म्हणजे प्रत्यक्ष दान नव्हे, बरोबर आहे, पण आपला प्रश्न कागदापुरताच आहे. मरणासारख्या विषयातही जिथं माणसं आधीच लागलेली खूण हलवत नाहीत तिथं "हू कॅन सी युअर फ्रेंड लिस्ट" हे ती चौथ्या मेनूत जाऊन बदलतील ही अपेक्षाच हास्यास्पद आहे. आणि हे कंपन्यांना आपल्यापेक्षा जास्त चांगलं माहीत असतं, त्यांच्याकडे कोण कुठलं बटण किती वेळा दाबतं याची आकडेवारी असते.

फेसबुकचाच इतिहास घ्या. २००४ साली सुरू झालं तेव्हा ते एका कॉलेजपुरतं होतं, बाहेरच्याला दिसायचंच नाही. डिसेंबर २००९ मध्ये त्यांनी रचना बदलली आणि लोकांनी मुद्दाम झाकून ठेवलेल्या काही गोष्टी, उदाहरणार्थ फ्रेंडलिस्ट, एका फटक्यात उघड्या केल्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं त्यावर ठपका ठेवला, २०११ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. ज्यांनी जबाबदारीनं सेटिंग केली होती त्यांचीच ती सेटिंग कंपनीनं उलटवली, हे जबाबदारीवाल्यांनी जरा लक्षात घ्यावं. मग मे २०१४ मध्ये वारं फिरलं, नव्या माणसाची पहिली पोस्ट आपोआप पब्लिक व्हायची ती "फ्रेंड्स" झाली. आणि मे २०२० मध्ये भारतात ते सुप्रसिद्ध प्रोफाइल लॉक आलं, एक बटण दाबलं की फोटो, पोस्ट, सगळं परक्यांना बंद. म्हणजे जमत होतं! हे काही चंद्रावर जाण्याएवढं अवघड तंत्र नव्हतं, मनात आणलं असतं तर दहा वर्षं आधीही करता आलं असतं. मग मधल्या काळात ज्यांचे फोटो चोरीला गेले त्यांना "लॉक का नव्हती" विचारायचं की ज्यांनी लॉक बनवायला २०२० उजाडवलं त्यांना?

धोका तयार करणाऱ्यानं हात झटकायचे आणि ज्याला धोका आहे त्याला शिस्त शिकवायची, ही युक्ती काही इंटरनेटनं शोधलेली नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत मोटारी नव्यानं वाढत होत्या, रस्त्यात माणसं, विशेषतः मुलं, चिरडून मरत होती, आणि लोकांचा राग सरळ मोटारींवर होता. १९२३ मध्ये सिनसिनाटी शहरात ४२ हजारांवर लोकांनी सह्या करून मागणी केली की शहरात मोटारीला ताशी २५ मैलांच्या वर जाताच येणार नाही असं यंत्र गाडीतच बसवा. मोटार धंदेवाल्यांनी जीव तोडून प्रचार केला आणि ती मागणी मतदानात पाडली. त्यानंतर प्रचाराचा रोख फिरला: रस्ता हा गाड्यांचा आहे, चालणाऱ्यानं ठरल्या जागीच ओलांडावा, नाहीतर चूक त्याची. शाळांमधून हे शिकवलं गेलं, चुकीच्या जागी ओलांडणाऱ्याची टिंगल करायच्या मोहिमा निघाल्या, कायदे झाले. आता चालणाऱ्यानं बघून रस्ता ओलांडावा की नाही? ओलांडावाच. पण मर्यादा गाडीत बसवायची का, हा प्रश्न त्या गदारोळात जो गायब झाला तो झालाच. पुढं सीटबेल्टच्या बाबतीत मात्र उलटं घडलं, तो गाडीत बसवूनच द्यायचा असं १९६८ पासून अमेरिकेत सक्तीचं झालं, ग्राहकानं वेगळा विकत घेऊन लावायचा नाही. तिथं कुणी म्हणालं नाही की सज्ञान ड्रायव्हरचा हा अपमान आहे. म्हणजे म्हणाले असतील काही, पण बेल्ट बसला.

आता दुसरं कारण, जे मला खरं तर जास्त महत्त्वाचं वाटतं आणि ज्यावर जवळजवळ कुणीच बोलत नाही. आपण सेटिंगकडे आपल्या खोलीची कडी असल्यासारखं बघतो, लावली तर आपण सुरक्षित, नाही लावली तर आपलं नुकसान. पण ती कडी तशी चालतच नाही. समजा तुमची प्रोफाइल लॉक आहे. तुमच्या मैत्रिणीनं सहलीचा फोटो "फ्रेंड्स" ठेवून टाकला आणि तुम्हाला टॅग केलं. फेसबुकची मूळ रचना अशी की टॅग झाला की ती पोस्ट टॅग केलेल्या माणसाच्या फ्रेंड्सनाही दिसायला लागते. पाच जणींना टॅग केलं की पाच जणींच्या यादीतले सगळे, म्हणजे तिनं आपल्या दोनशे लोकांसाठी टाकलेला फोटो दीड-दोन हजारांपुढे जातो, तिलाही कळत नाही आणि तुम्हालाही. तुम्ही एखाद्या न्यूज चॅनलच्या पब्लिक पोस्टवर कमेंट केली तर ती पब्लिकच, तुमच्या लॉकचा तिच्याशी संबंध नाही. फ्रेंडलिस्ट "ओन्ली मी" केलीत? छान. पण तुमच्या फ्रेंड्सच्या याद्या उघड्या असतील तर त्या एकेक उघडून तुमची यादी बऱ्यापैकी परत जुळवता येते, डुप्लिकेट अकाउंट काढणारे नेमकं हेच करतात आणि म्हणून त्यांना तुमच्या मावशीचा पत्ता लागतो. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये कुणी ओढलं की तिथल्या सगळ्यांकडे तुमचा नंबर, आणि कुणीही ओढू नये यासाठीची सेटिंग २०१९ पर्यंत नव्हतीच.

मोठ्या प्रमाणावर हेच झालं तेव्हा त्याला केंब्रिज अॅनालिटिका म्हणाले. डेटा ज्या राजकीय प्रचार कंपनीच्या हाती गेला तिचं ते नाव, २०१८ मध्ये हे प्रकरण बाहेर आलं. एक व्यक्तिमत्त्व चाचणीचं अॅप होतं, ते सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी स्वतः होऊन घेतलं, "अलाव" दाबलं. डेटा गेला तो ८ कोटी ७० लाख लोकांपर्यंतचा, कारण तेव्हाच्या नियमांनुसार एकानं अलाव केलं की त्याच्या फ्रेंड्सचीही माहिती अॅपला मिळायची. हा भागाकार करून बघा, एकेका माणसामागं तीनशेवर माणसं गेली. त्या तीनशेंनी काय करायला हवं होतं? फ्रेंड्सच्या अॅप्सना आपली माहिती द्यायची नाही अशीही एक सेटिंग तेव्हा कुठंतरी आत होती म्हणे, पण आपण न घेतलेलं अॅप आपल्याला लुटतंय हे ज्याला माहीतच नाही तो ती शोधेल कशाला? फेसबुकला जुलै २०१९ मध्ये ५०० कोटी डॉलर दंड झाला. त्यानंतर एप्रिल २०२१ मध्ये ५३ कोटींहून जास्त फेसबुक वापरणाऱ्यांचे फोन नंबर आणि इतर तपशील उघड्यावर फिरायला लागले, ते "आपल्या फोनमधले मित्र शोधा" या सोयीचा गैरवापर करून उपसलेले होते. लोकांना सापडायला सोपं जावं म्हणून बनवलेलं दार, आणि सापडले ते भलत्यालाच.

आणि सगळ्यात मोठा गट तर असा आहे ज्याला सेटिंगच नाही. जन्माच्या दुसऱ्या दिवसापासून आई-बापानं, आत्यानं, शाळेनं ज्यांचे फोटो टाकलेत ती पोरं. नाव, वाढदिवस, शाळेचा गणवेश, सगळं वर आहे, त्यांच्या सहीशिवाय, त्यांना सही करता यायच्या आधी. ती मोठी झाल्यावर त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार की प्रायव्हसी ज्यानं त्यानं सांभाळावी? तेव्हा जे "माझी प्रोफाइल माझी मर्जी" म्हणतात त्यांनी जरा आपल्याच अल्बममध्ये किती इतर माणसं आहेत ते मोजावं. तुमच्या मर्जीवर त्यांचं चाललेलं असतं.

"काही लपवायचं नसेल तर घाबरायचं कशाला" यावर मी फार शाई खर्च करणार नाही. १८६९ साली ऑस्ट्रिया-हंगेरीत जगातलं पहिलं सरकारी पोस्टकार्ड आलं, त्यावर लिहिलेलं टपालवाल्यापासून कुणालाही वाचता यायचं हे सगळ्यांना दिसत होतं, म्हणून लोकांनी पाकिटं वापरणं सोडलं का? दोन्ही राहिली, आणि एकच सभ्य माणूस दोन्ही वापरत राहिला. फरक हा की कार्ड हातात घेतल्यावर ते उघडं आहे हे हाताला कळत होतं. आज पृथ्वीगोलाचं एक बारकं चिन्ह पोस्टच्या कोपऱ्यात असतं, तारखेच्या शेजारी, जे चष्मा लावूनही पटकन दिसत नाही, आणि ते म्हणजे "अख्खं जग" हे आपण समजून घ्यायचं असतं.

पैशाचा मुद्दा मात्र टाळून चालणार नाही. सेवा फुकट आहे, कुणीतरी खर्च उचलतं, तो जाहिरातीतून निघतो, आणि लोकांनी हा सौदा स्वीकारलाय असं सांगितलं जातं. खरंच स्वीकारलाय? एप्रिल २०२१ मध्ये अॅपलनं आयफोनमध्ये एक साधी गोष्ट केली, दुसऱ्या अॅप्सवर आणि साइट्सवर तुमचा माग काढायचा असेल तर अॅपनं आधी विचारलं पाहिजे, हो किंवा नाही, समोर, एका वाक्यात. सेटिंग काही अगदीच नवी नव्हती, आधी ती आत कुठंतरी होती आणि उलट्या बाजूनं लावलेली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये मेटानं सांगितलं की या एका बदलामुळं त्या वर्षी त्यांचं सुमारे १,००० कोटी डॉलरचं उत्पन्न बुडेल. म्हणजे सरळ विचारल्यावर लोक एवढ्या संख्येनं "नाही" म्हणतात की धंद्याला भगदाड पडतं, आणि आधीची सगळी वर्षं तीच माणसं "स्वीकारलाय" या खात्यात जमा होती. ज्याला नाही म्हणायची जागा सापडत नाही त्याच्या गप्प बसण्याला सौदा म्हणत नाहीत.

राहिला तो तिसरा, जड मुद्दा, उघडेपणाची गरज. सगळ्यांचं डिफॉल्ट बंद केलं तर छोट्या विक्रेत्याचं, गायकाचं, कार्यकर्त्याचं काय? त्यांचं काही बिघडत नाही. ज्याला लोकांपर्यंत पोचायचंय तो पब्लिकचं बटण पहिल्याच दिवशी शोधून काढतो, त्याला त्यात फायदा आहे, त्याचं पोट आहे त्यावर. ज्याला झाकायचंय त्याला मात्र धोका घडून जाईपर्यंत माहीतच नसतं की झाकायला हवं होतं. मग बटण शोधायचं ओझं कुणावर टाकणं शहाणपणाचं? युरोपनं २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यात हेच लिहिलंय, की मुळातली सेटिंगच कमीत कमी माहिती उघडी करणारी असली पाहिजे आणि माणसानं स्वतः काही केल्याशिवाय त्याची माहिती अगणित लोकांपुढे जाता कामा नये. तो कायदा शोभेचा नाही हे सप्टेंबर २०२२ मध्ये दिसलं, इन्स्टाग्रामवर मुलांची अकाउंट्स मुळातच पब्लिक असायची आणि बिझनेस अकाउंट घेतलेल्या मुलांचे फोन नंबर, ईमेल उघडे पडायचे, याबद्दल आयर्लंडच्या नियामकानं ४० कोटी ५० लाख युरोंचा दंड ठोकला. २०२४ मध्ये इन्स्टाग्रामनं १८ वर्षांखालच्यांसाठी अकाउंट मुळातच प्रायव्हेट करायला सुरुवात केली. आता मला कुणीतरी समजावून सांगा की सतराव्या वर्षी जे संरक्षण आपोआप मिळतं ते अठराव्या वाढदिवसाच्या सकाळी का जावं? त्या रात्रीत असं काय शहाणपण येतं?

म्हणून माझी मागणी कंपनीकडेच आहे. टॅग केल्यावर पोस्टचा पसारा आपोआप वाढता कामा नये, टॅग झालेल्यानं हो म्हटलं तरच वाढावा. फ्रेंडलिस्ट मुळातच बंद असावी. दहा वर्षांपूर्वीच्या पब्लिक पोस्ट "राहू द्यायच्या का" हे कंपनीनं स्वतःहून विचारावं, आपण आठवण ठेवून शोधायचं नाही. आणि कुणी बघितलं हे, निदान अनोळखी माणसानं प्रोफाइल पालथी घातली तर, कळायला काय हरकत आहे? नॉर्वेत प्रत्येकाचं करपात्र उत्पन्न ऑनलाइन बघता येतं, आधी ते कुणालाही निनावी बघता यायचं आणि लोक शेजाऱ्यांचं, सहकाऱ्यांचं सर्रास बघायचे. २०१४ मध्ये नियम केला की कुणी बघितलं ते त्या माणसाला दिसेल. माहिती एका अक्षरानंही कमी केली नाही, तरी बघणाऱ्यांची संख्या धाडकन खाली आली. हा उपाय सोशल मीडियावर जसाच्या तसा चालणार नाही हे मलाही कळतं, मार खाऊन पळालेली बाई नवऱ्याचं अकाउंट तपासत असेल तर तिचं नाव त्याला कळता कामा नये, तेवढा अपवाद नीट घडवावा लागेल. पण निदान अशा गोष्टींवर भांडण व्हायला हवं, आणि तोपर्यंत ज्यांना जमतं त्यांनी आपली फ्रेंडलिस्ट आजच बंद करावी, तुमच्यासाठी नाही तर तुमच्या यादीत असलेल्या त्या मुलीसाठी, जिनं स्वतःचं सगळं नीट लॉक केलंय आणि तरी जी तुमच्या यादीतून सापडते.